गरुड आणि घोरपड

इंडोनेशियाने स्वतंत्र झाल्यावर आपल्या राजमुद्रेवर गरुड बसविला. ११ फेब्रुवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या या मुद्रेतल्या गरुडाची पिसेसुद्धा मोजून काढलेली आहेत. प्रत्येक पंखात १७, शेपटीत ८, शेपटीच्या मुळाशी १९ आणि मानेवर ४५; म्हणजे १७ ऑगस्ट १९४५, त्या देशाच्या स्वातंत्र्यघोषणेचा दिवस. पुढे १९९३ साली याच देशाने राष्ट्रीय प्राणी निवडला, तेव्हा मान मिळाला तो मात्र कोमोडो बेटावरच्या राक्षसी घोरपडीला. एक आकाशातला, एक मातीतली. एकाला आपण हात जोडतो, दुसरी दिसली की पोरे दगड शोधतात.

आपल्याकडेही हे दोघे ओळखीचेच आहेत. गरुड विष्णूचे वाहन म्हणून देवळाच्या दारात उभा असतो. घोरपड तान्हाजी मालुसऱ्यांच्या कथेत कोंढाण्याचा कडा चढते. ती यशवंती घोरपड इतिहासात किती आणि पोवाड्यात किती, हा वाद इतिहाससंशोधकांचा. आम्ही त्यात पडत नाही. घोरपडे घराण्याच्या नावामागेही अशीच एक कथा सांगतात. एवढे मात्र खरे की घोरपडीची पकड या भूमीतल्या माणसाने फार पूर्वीपासून न्याहाळली होती.

या विषयावर कोठेही बोलावे, तर शेवटी एखादा शाळकरी मुलगा उभा राहून विचारतोच, ‘‘दोघांची झुंज लागली तर कोण जिंकेल?’’ मोठी माणसे हसतात. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. त्याचे नीट उत्तर द्यायचे तर जवळजवळ सारे प्राणिशास्त्र पालथे घालावे लागते. आज तेच करू.

तुलनेसाठी आम्ही जी जोडी घेतली आहे, ती एकाच ठिकाणी नांदणारी आहे. सुंबावा आणि फ्लोरेस या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये कोमोडो, रिंचा, पदार अशी कोरडी, डोंगराळ बेटे आहेत. त्यांच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालतो, आणि खाली गवतातून ती राक्षसी घोरपड चालत असते. हा समुद्रगरुड आपल्याला परका नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा वावर आहे. कोकणात त्याला काकण म्हणतात. खाडीच्या तोंडाशी उंच आंब्यावर किंवा सुरूवर काटक्यांचा भलामोठा माच रचलेला दिसला, तर तो बहुधा याचाच. एकच घरटे जोडपे वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरते, आणि त्याच्याखाली माशांच्या काट्यांबरोबर समुद्रसर्पांची हाडेही पडलेली सापडतात. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर. वजन मात्र तीन-साडेतीन किलोच्या आसपास. आकाशात एवढा थोरला दिसणारा हा पक्षी तागडीत घातला तर एखाद्या तान्ह्या मुलाएवढा भरतो.

घोरपडीचे तसे नाही. कोमोडोचा पुरा वाढलेला नर अडीच ते तीन मीटर लांब आणि सत्तर ते नव्वद किलो वजनाचा असतो. गावकरी तिला ‘ओरा’ म्हणतात. त्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. शास्त्राला तिचे नाव कळले ते १९१२ साली, जाव्हातल्या बाइटेनझोर्ख, म्हणजे आजच्या बोगोर, येथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पीटर औवेन्स यांनी तिचे वर्णन छापले तेव्हा. एका डच लष्करी अधिकाऱ्याने त्यांना या ‘जमिनीवरच्या मगरी’ची वार्ता कळविली होती. १९२६ साली डग्लस बर्डन नावाचा अमेरिकन गृहस्थ न्यूयॉर्कच्या संग्रहालयातर्फे तेथे गेला, मेलेल्या आणि जिवंत घोरपडी घेऊन परतला, आणि त्याच्या या सफरीवरून ‘किंग काँग’ या १९३३ च्या बोलपटाची कल्पना सुचली असे सांगतात. वैज्ञानिक मोहिमेतून मर्कटाचा बोलपट निघावा, हे अमेरिकेतच घडू शकते!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गरुड झाला तरी किती उचलणार? पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत तो मेंढरू काय, मूलही घेऊन उडताना दिसतो. २०१२ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातली एक चित्रफीत जगभर गाजली. तीत सोनेरी गरुड बागेतले मूल उचलतो असे दाखविले होते. ती तेथल्या विद्यार्थ्यांनी संगणकावर बनविलेली होती, हे दुसऱ्याच दिवशी उघड झाले. मोठ्या शिकारी पक्ष्याला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून फारसे जड ओझे घेऊन वर उठणे कठीण जाते. म्हणजे काकण पक्षी फार तर दीड-दोन किलोचा मासा नेईल. नव्वद किलोच्या घोरपडीपुढे त्याचे काय चालणार?

पण येथेच थांबलो तर उत्तर चुकेल. कारण घोरपड जन्मतः नव्वद किलोची नसते. अंड्यातून बाहेर येते तेव्हा ती हातभरही नसते, आणि तिचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असते. अंगावर पिवळे-काळे पट्टे, हालचाल चपळ. तिला पाहून ही त्या मंद, करड्या, मातकट श्वापदाची संतती आहे असे कोणी म्हणणार नाही. मादी साधारण सप्टेंबरच्या सुमारास वीसेक अंडी घालते, पुष्कळदा रानकोंबडीसारख्या एका पक्ष्याने रचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात खड्डा करून. आणि आठ-नऊ महिन्यांनी पिले निघतात. आई तेथे नसते. असली तरी उपयोग नाही, कारण मोठ्या घोरपडी लहान घोरपडींना खातात. म्हणून पिलू बाहेर येताच पहिले काम करते ते झाडावर चढण्याचे. पहिली काही वर्षे ते झाडावरच काढते, किडे आणि पाली खाते, ढोलीत झोपते. खाली आपलेच वडीलधारे, वर शिकारी पक्षी, अशा कोंडीत त्याचे बालपण जाते.

तेव्हा झुंजीचे उत्तर घोरपडीच्या वयावर अवलंबून आहे. पहिल्या वर्षी गरुडाने पाहिले तर घोरपड संपली. दहाव्या वर्षी तीच घोरपड किनाऱ्यावर मेलेला मासा खात असेल, तर गरुड झाडावर बसून तिचे आटोपण्याची वाट पाहील.

गरुडाच्या पिलाची कहाणी याच्या अगदी उलट. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि सुमारे सहा आठवडे ती उबविली जातात. पिलू बाहेर येते ते आंधळे नसले तरी सर्वस्वी परावलंबी. आईबाप त्याला मासा फाडून भरवतात, अडीच महिन्यांत ते उडू लागते, आणि तेव्हा आकाराने जवळजवळ आईबापाएवढेच असते. म्हणजे घोरपड लहानपणापासून स्वतंत्र, पण मोठी व्हायला आठ-नऊ वर्षे लागतात. गरुड लहानपणी पोसलेला, पण दोन-तीन महिन्यांत पूर्ण मापाचा. घोरपड आयुष्यभर बदलत जाते. आधी कीटकभक्षक, मग उंदीर-पक्षी खाणारी, शेवटी हरिण आणि रानडुक्कर मारणारी. गरुड पहिल्या भरारीपासून गरुडच असतो.

हा फरक कोठून आला, याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. गरुड आपले अंग स्वतः तापवतो, घोरपड उन्हाकडून ऊब उसनी घेते. स्वतः भट्टी पेटवणाऱ्या प्राण्याला, नुसते बसून राहायचे म्हटले तरी, तेवढ्याच वजनाच्या सरपटणाऱ्या प्राण्यापेक्षा अनेक पटींनी इंधन लागते. म्हणून गरुडाला शिकार चुकवून चालत नाही. तीन-चार दिवस समुद्र खवळलेला राहिला तर घरट्यातली पिले उपाशी पडतात. घोरपडीची गृहव्यवस्था निराळी. एका बैठकीत ती स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मांस गिळू शकते, आणि मग उन्हात पडून ते पचवते. ऊन कमी पडले तर पोटात मांस कुजण्याची भीती, म्हणून जेवल्यावर ती ऊन शोधते. वर्षाला डझनभर अशा मेजवान्या तिला पुरतात, असा हिशेब वॉल्टर ऑफेनबर्ग या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने मांडला आहे. हा मनुष्य १९६९-७० मध्ये बायकामुलांसह त्या बेटांवर राहिला होता. पगारदार आणि शेतकरी यांच्यात जो फरक, तोच येथे म्हणा. एकाला रोजचा हातखर्च लागतो, दुसऱ्याचे वर्ष सुगीवर निभते.

येथे आपल्या मनातली एक जुनी समजूत काढून टाकायला हवी. आपण प्राण्यांची एक शिडी कल्पिलेली असते. तळाशी मासे, मग बेडूक, मग सरपटणारे, वर पक्षी, सस्तन, आणि अर्थातच अगदी वरच्या पायरीवर आपण. या शिडीवर घोरपड म्हणजे गरुड होता होता राहून गेलेला जीव ठरते. आमच्या मते या शिडीने शाळांतून जेवढे अज्ञान पसरविले तेवढे दुसऱ्या कशाने पसरविले नसेल. घोरपडीचा वंश आणि गरुडाचा वंश पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ वेगळा वाढत आलेला आहे. घोरपड ही गरुडाची आजी नव्हे. फार लांबची चुलतबहीण म्हणा हवे तर. गरुडाचे जिवंत सरपटणाऱ्यांतले सर्वांत जवळचे नातलग पाहायचे तर सुसरी-मगरींकडे जावे लागते. मगर दिसायला घोरपडीसारखी, पण नात्याने गरुडाच्या घरची. रूपावरून गोत्र ठरवू नये, हे वधूवरसूचक मंडळांना ठाऊक असते, आम्हां प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र ते कळायला शंभर वर्षे लागली.

नावाचाही घोळ यातूनच झाला. १८४२ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज पंडिताने जमिनीत सापडणाऱ्या प्रचंड हाडांच्या मालकांना ‘डायनोसॉर’ म्हणजे ‘भयंकर सरडा’ असे नाव दिले. नाव टिकले, सरडा मात्र त्यात नव्हता. जर्मनीत १८६१ साली पिसे असलेल्या आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा मिळाला, आणि टॉमस हक्स्ली याने काही वर्षांतच पक्षी आणि डायनोसॉर यांचे नाते बोलून दाखविले. मग ती गोष्ट मागे पडली. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९६४ साली सापडलेल्या एका चपळ शिकारी डायनोसॉरचे वर्णन जॉन ऑस्ट्रम याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि तो वाद पुन्हा पेटला. १९९६ साली चीनमधून पिसांसारखे तंतू असलेला डायनोसॉर जगापुढे आला. २००७ साली वेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसे रुतण्याच्या गाठी दिसल्या. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटात हाच प्राणी गुळगुळीत कातडीचा, माणसाहून उंच दाखविला होता. खरा वेलोसिरॅप्टर टर्की कोंबड्याएवढा आणि पिसांचा होता.

मौज अशी की या नष्ट झालेल्या शिकाऱ्यांच्या दोन निशाण्या आज दोन निरनिराळ्या घरांत जपलेल्या आहेत. वेलोसिरॅप्टरच्या जातीच्या डायनोसॉरांची पावले आजच्या ससाण्या-गरुडांच्या पावलांशी ताडून पाहणारा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. भक्ष्य पायाखाली दाबून धरायचे, पंख फडफडवून तोल सांभाळायचा आणि जिवंतपणीच चोचीने तोडायचे, ही गरुडाची तऱ्हा त्या डायनोसॉरांचीही असावी, असे त्यात मांडले आहे. दात मात्र गरुडाने गमावले. तसले दात, चपटे, मागे वळलेले आणि करवतीसारख्या धारेचे, पाहायचे असतील तर कोमोडोच्या घोरपडीच्या तोंडात पाहावेत. २०२४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी दाखविले की या दातांच्या टोकाला आणि धारेला लोखंडाचा नारिंगी लेप असतो. लोहाराने कोयत्याला पोलादाची धार बसवावी, तशी ही निसर्गाची युक्ती. मारण्याची हत्यारेही दोघांची अशी वेगळी पडली. गरुडाचा सारा जोर पायांत आहे. नख्या मिटल्या की पायातल्या शिरा दातेरी खाचेत अडकतात आणि स्नायू न शिणता पकड टिकून राहते. घोरपडीचा जबडा त्या मानाने दुबळाच. तेवढ्याच आकाराच्या मगरीच्या चाव्यापुढे तिचा चावा काहीच नाही. तिचे बळ मानेत आहे. ती चावते आणि लगेच सारे अंग मागे खेचते. करवत आपोआप चालते.

या चाव्याबद्दल एक गोष्ट विस्ताराने सांगायला हवी, कारण तिच्यात शास्त्र कसे चालते ते दिसते. ऑफेनबर्गने आपला ग्रंथ १९८१ मध्ये छापला. चावा खाऊन निसटलेली म्हैस काही दिवसांनी मरते, हे त्याने पाहिले होते. घोरपडीची लाळ घाणेरडी असते, तीत प्राणघातक जंतू असतात, त्या जंतूंनीच शिकार मरते, असा तर्क त्याने मांडला. तर्क इतका सुबक होता की पाठ्यपुस्तकांनी तो उचलला, मासिकांनी रंगविला, आणि पंचवीस-तीस वर्षे तो सत्य म्हणून मिरवला. २००९ साली ब्रायन फ्राय या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घोरपडीच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी दाखविल्या. त्या विषाने रक्त गोठत नाही आणि रक्तदाब उतरतो. मग २०१३ साली तोंडातले जंतूच तपासले गेले, आणि ते इतर मांसाहारी प्राण्यांच्या तोंडात असतात त्याहून काही वेगळे निघाले नाहीत. घोरपड तर जेवणानंतर ओठ चाटून, तोंड पानांवर घासून स्वच्छ करते. मग म्हशी का मरत होत्या? त्याचेही उत्तर पुढे आले. म्हैस त्या बेटांवर माणसाने आणलेली. ती घोरपडीच्या मानाने फार मोठी, म्हणून चावा खाऊन निसटते. आणि निसटली की जाते कोठे, तर शेणामुताने भरलेल्या डबक्यात. जखम चिघळते ती डबक्यातल्या घाणीने. हरिण आणि डुक्कर, जे तिचे नेहमीचे भक्ष्य, ते बहुधा तेथल्या तेथे रक्तस्रावाने मरतात. आता या विषाचा शिकारीत प्रत्यक्ष वाटा किती आणि दातांचा किती, यावर अजून मतभेद आहेत, आणि ते असावेत. पण त्या बिचारीच्या लाळेची बदनामी मात्र विनाकारण झाली.

गरुडाच्या डोळ्यांची कीर्ती याच्या उलट दिशेने फुगलेली आहे. गरुड माणसाच्या आठपट पाहतो, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ऑस्ट्रेलियातल्या पाचरशेपट्या गरुडाची दृष्टी प्रत्यक्ष मोजली, तेव्हा ती माणसाच्या दुपटीहून थोडी अधिक भरली. दुप्पट म्हणजे काही थोडे नव्हे! शिवाय त्याच्या प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण दृष्टीची दोन केंद्रे असतात, एक समोरचे आणि एक बाजूचे पाहण्यासाठी. घोरपड दुरून पाहते ते बेताचेच; तिचे जग वासाचे. दुभंगलेली जीभ बाहेर टाकून ती हवेतले कण गोळा करते आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाला पोचवते. जिभेच्या कोणत्या टोकावर वास अधिक, त्यावरून ती दिशा ठरवते. वारा अनुकूल असेल तर चार किलोमीटरवरच्या मढ्याचाही तिला माग लागतो. घोरपड चालताना मान या बाजूला, त्या बाजूला हलवत जाते, ती उगाच नव्हे.

आता आम्हांला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट, श्वासाची. सरडा धावताना अंग डावी-उजवीकडे वाकवतो. त्या वाकण्याने एकेक फुप्फुस आळीपाळीने दाबले जाते. त्यामुळे बहुतेक सरड्यांना धावणे आणि श्वास घेणे एकाच वेळी नीट जमत नाही. थोडे पळायचे, थांबायचे, दम खायचा, पुन्हा पळायचे. कुंपणावरचा सरडा पाहा, म्हणजे हे पटेल. घोरपडीच्या कुळाने यातून वाट काढली. १९९९ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांत दिसले की घोरपड चालताना गळ्याची पिशवी भात्यासारखी चालवून हवा फुप्फुसात ढकलते. आपल्या शेताच्या बांधावरची घोरपडही धापा टाकताना गळा फुगवते, ते हेच. म्हणून कोमोडोची घोरपड एवढ्या देहानिशी ताशी वीस किलोमीटरपर्यंत धावू शकते, थोडा वेळ का होईना.

पक्ष्यांच्या छातीत तर याहून निराळेच यंत्र आहे. आपल्या फुप्फुसांत हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते, चिंचोळ्या बोळातल्या रहदारीसारखी. पक्ष्याच्या फुप्फुसात हवा एकाच दिशेने वाहते; हवेच्या पिशव्या ती पुढे ढकलत राहतात. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू पुरविण्याकरिताच ही एकेरी वाट निर्माण झाली, असे आपण वाचत आलो होतो. २०१० साली तीच एकेरी वाट मगरीत सापडली, आणि २०१४ साली आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातील घोरपडीतही! म्हणजे एक तर ही व्यवस्था उड्डाणाच्या कितीतरी आधी, दोन्ही वंशांच्या समान पूर्वजात असावी. नाही तर ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली असावी. निर्णय अजून झालेला नाही. पण उड्डाणासाठी म्हणून घडली ही समजूत मात्र आता टिकत नाही.

अशीच आणखी एक अचंब्याची जोडी. २००६ च्या डिसेंबरात इंग्लंडमधून बातमी आली की चेस्टर आणि लंडन येथील प्राणिसंग्रहालयांतल्या दोन कोमोडो माद्यांनी नराशिवाय सफल अंडी घातली. लोकांनी ती सरपटणाऱ्यांची विचित्र लीला म्हणून सोडून दिली. २०२१ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया काँडर या गिधाडासारख्या थोर पक्ष्याच्या दोन पिलांना बाप नाही, हे वंशतपासणीतून निघाले. गंमत म्हणजे त्या माद्यांच्या सोबतीला नर होते. दोन्हीकडे पिले निघाली ती नर. पक्ष्यांत आणि घोरपडींत लिंग ठरविणारी जोडी आपल्याहून उलट असते. भिन्न जोडी मादीची आणि सारखी जोडी नराची. मादीने स्वतःचेच दान दुप्पट केले तर त्यातून नरच जगतो. एखादीच मादी वाहत जाऊन ओसाड बेटाला लागली, तर वंश चालवायला तिला हे उपयोगी पडेल, असा विचार घोरपडीच्या बाबतीत मांडला गेला आहे.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल की असले प्राणी अभेद्यच असतील. तसे नाही. पदार बेटावरून १९७० च्या दशकात घोरपडी नाहीशा झाल्या. कोणी त्यांना मारले नव्हते. हरणांची चोरटी शिकार झाली आणि मोठ्या घोरपडींना खायला उरले नाही. वर्षाला बारा जेवणे पुरतात हे खरे, पण ती बारा तरी मिळायला हवीत. १९८० साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९१ साली ते जागतिक वारसा ठरले. आणि तरी २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने कोमोडोची घोरपड संकटग्रस्त म्हणून घोषित केली. समुद्र वर येत आहे आणि या घोरपडी सखल दऱ्यांत राहतात. येत्या पंचेचाळीस वर्षांत त्यांची राहण्याजोगी जागा निदान तीस टक्क्यांनी घटेल, असा अंदाज आहे. काकण पक्षी दुसऱ्या किनाऱ्यावर उडून जाईल. उंच झाड मिळाले तर, इतकेच.

आपल्या घोरपडीचे दुखणे मात्र पाण्याचे नव्हे, बाजाराचे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ती आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तरी तिच्या तेलाने सांधे सुटतात म्हणून ते विकले जाते. आणि ‘हत्ताजोडी’ नावाने धनलाभासाठी देव्हाऱ्यात ठेवायला जी दोन हातांच्या आकाराची ‘मुळी’ मिळते, ती प्रयोगशाळेत तपासली तेव्हा पुष्कळदा मुळी निघालीच नाही. नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय निघाले. देव्हाऱ्यात गरुडही असतो, घंटेच्या दांड्यावर हात जोडून. त्याच्या शेजारी हे ठेवले जाते.

कोमोडो बेटावर एक जुनी कथा सांगतात. एका राजकन्येला जुळे झाले. एक मुलगा, त्याचे नाव गेरोंग. दुसरी ओरा, घोरपडीच्या रूपात. दोघे वेगळे वाढले. मोठेपणी मुलगा रानात हरिण मारायला गेला, तोच ओरा आडवी आली. त्याने भाला उगारला, तेव्हा आईने प्रकट होऊन सांगितले, ही तुझी बहीण. म्हणून तेथले लोक घोरपडीला मारत नाहीत. २०१९ साली सरकारने घोरपडींच्या रक्षणासाठी बेट बंद करून या सुमारे दोन हजार गावकऱ्यांना बाहेर हलविण्याचा बेत जाहीर केला. गावकऱ्यांनी विरोध केला, आणि त्याच वर्षी तो बेत मागे घेण्यात आला. २०२२ मध्ये प्रवेशशुल्क एकदम साडेसदतीस लाख रुपिया करण्याचे ठरले, तेव्हा लाबुआन बाजो बंदरातल्या वाटाड्यांनी आणि नावाड्यांनी काम बंद ठेवले. तेही मागे पडले. गाव अजून तेथेच आहे. घरे लाकडी खांबांवर उभी आहेत, मागे डोंगर, पुढे समुद्र. कधी एखादी ओरा बकरीच्या वासाने गावात शिरते, आणि माणसे काठ्या घेऊन तिला हाकलतात, मारत नाहीत.